लिनक्स लॅपटॉप रखडतोय? आधी ताप खरा की खोटा ते बघा

लक्षणं आधी लिहितो. तुमच्या मशीनचं यांतलं कोणतं ते ओळखा, कारण पुढची वाट त्यावरच ठरते.

पहिलं लक्षण. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं झकास चालतं. मग पंखा घोंघावायला लागतो, कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका देते आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. दहा मिनिटं बंद ठेवलं की पुन्हा ठीक.

दुसरं. बटण दाबल्यापासूनच गोगलगाय. पंखा शांत, तळ गार, आणि प्रोसेसरचा वेग ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झला चिकटलेला. कितीही काम टाका, आकडा हलत नाही.

तिसरं. सकाळभर नीट चालतं. झाकण मिटून जेवायला गेलात, परत येऊन उघडलं की रखडलं. रीस्टार्ट केलं की सुटतं, पुन्हा झाकण मिटलं की पुन्हा तेच.

चौथं. अपडेट टाकलं त्या दिवसापासून मशीन मंद. ‘टॉप’ कमांडच्या यादीत ‘आयडल इंजेक्ट’ अशा नावाच्या प्रक्रिया वर येऊन बसलेल्या दिसतात.

पाचवं. काहीही न सांगता मशीन फट्कन बंद.

गणपतीच्या दिवसांत आणि मे महिन्यात ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. चाकरमानी मुंबई-पुण्याहून गावी येतात, सोबत कामाचा लॅपटॉप असतो, आणि दोन दिवसांत फोन येतो, "तिकडे नीट चालत होता हो, इथे आल्यावर काय झालं कळत नाही." घरातली मंडळी व्होल्टेजला दोष देतात. त्याचा इथे बहुतेक वेळा काही संबंध नसतो. लॅपटॉपचा अ‍ॅडाप्टर साधारणपणे १०० ते २४० व्होल्टपर्यंत कशावरही चालतो. ट्यूब पेटायला कुरकुरत असली तरी त्याचं काम सुरू राहतं.

ब्रेक कोण दाबतं ते आधी समजून घेऊ. प्रोसेसरचा वेग तापमानामुळे कमी करणारे तिघं जण असतात, आणि तिघांचे तापमापक वेगळे असू शकतात. पहिला खुद्द प्रोसेसर. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारत नाही. दुसरा कर्नल. त्याच्याकडे तापमान वाचायच्या जागा असतात, त्यांना थर्मल झोन म्हणतात. ‘एवढं झालं की हालचाल करा’ अशा खुणा असतात, ते ट्रिप पॉइंट. आणि हालचाल ज्याच्या हातून करायची ते कूलिंग डिव्हाइस, म्हणजे कधी पंखा, तर कधी प्रोसेसरचा वेगच. तिसरी मदरबोर्डवरची छोटी कंट्रोलर चिप. तिच्यापासून प्रोसेसरपर्यंत प्रोकहॉट नावाची एक सिग्नलची तार जाते. चिपने ती ओढली की प्रोसेसर स्वतः कितीही गार असो, तो मुकाट्याने तळाच्या वेगाला जातो.

म्हणून मशीन रखडलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो. हे खरोखर तापलंय, की याला कुणीतरी ‘तू तापलायस’ असं सांगितलंय? खऱ्या तापाचा इलाज ब्रश आणि पेस्टने (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोचवणारा मधला लेप) होतो. खोट्या तापाचा इलाज चार्जर, फर्मवेअर (मदरबोर्डमध्येच साठवलेलं सॉफ्टवेअर) किंवा कर्नलमध्ये असतो. ही फोड न करता लोक सरळ नवी पेस्ट लावून घेतात, पाचशे-हजार घालवतात, आणि मशीन होतं तिथेच राहतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ही फोड करायला पैसे लागत नाहीत, फक्त दहा मिनिटं लागतात.

पहिली तपासणी: वही घ्या आणि आकडे लिहा

कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. एलएम-सेन्सर्स हे पॅकेज टाका आणि ‘सेन्सर्स’ चालवा, तापमान दिसेल. दुसऱ्या खिडकीत रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन ‘टर्बोस्टॅट’ चालवा, त्यात प्रत्येक कोरचा खरा वेग, तापमान आणि वॅट एका ओळीत येतात. तिसऱ्या खिडकीत ‘स्ट्रेस-एनजी’ने सगळ्या कोरवर पाच मिनिटं भार टाका. दर अर्ध्या मिनिटाला दोनच आकडे वहीत उतरवा, अंश आणि मेगाहर्ट्झ.

तापमान ९५ च्या पुढे गेलं आणि त्यानंतर वेग उतरला, तर ताप खरा. तापमान ४५-५५ वर आणि वेग मात्र ४०० वर खिळलेला, तर खोटा. सुरुवातीच्या काही सेकंदांत वेग उंच जाऊन मग थोडा खाली स्थिरावला, तर तो आजार नव्हे. टर्बोसाठी, म्हणजे नेहमीपेक्षा चढ्या वेगासाठी, थोड्याच वेळापुरती जादा वॅटची मुभा असते, ती संपली की प्रोसेसर नेहमीच्या मर्यादेवर येतो. अशी निरोगी मशीनं माझ्याकडे कितीतरी आली आणि तशीच परत गेली.

लॉगही बघा. ‘डीमेसेज’मध्ये ‘कोअर टेंपरेचर अबव्ह थ्रेशोल्ड, सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड’ अशी ओळ असेल तर प्रोसेसरने स्वतः ब्रेक दाबल्याचा तो पुरावा. पण ओळ नाही म्हणजे थ्रॉटलिंग (तापामुळे वेग उतरवणं) नाही, असं धरू नका. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या ५.५ कर्नलपासून क्षणभराच्या उसळ्या लॉगमध्ये टाकणं बंद झालंय. त्यापेक्षा मोजणी वाचा. सिस, डिव्हायसेस, सिस्टम, सीपीयू, सीपीयू०, थर्मल थ्रॉटल अशा क्रमाने फोल्डरांत उतरलात की ‘कोअर थ्रॉटल काउंट’ नावाची फाइल मिळते. भार टाकण्याआधी तिचा आकडा लिहा, नंतर पुन्हा लिहा. वाढला असेल तर वाद संपला.

इथे दोन गोष्टींनी लोक फसतात. वेग किती ठेवायचा ते ठरवणाऱ्या गव्हर्नरच्या जागी ‘पॉवरसेव्ह’ दिसलं की वाटतं, हाच तो दोषी. इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे ‘गरजेप्रमाणे वाढव, गरजेप्रमाणे उतरव’ एवढंच, त्यात वेग तळाला अडकत नाही. दुसरं म्हणजे तापमापकाचा आकडाच मुळात खरा असतो असं नाही. एएमडीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या डेस्कटॉप चिप कंपनीने ठरवूनच २० अंश चढा आकडा दाखवतात, आणि कर्नलच्या ड्रायव्हरला तो फरक वजा करावा लागतो. असा फरक ज्या कर्नलला माहीत नाही, त्याला मशीन ६० अंशांवर असताना ८० दिसणार. खोटा ताप निघतो तो असा.

दुसरी तपासणी: जागा बदला

ताप खरा निघाला तर आधी खोली बघा. हवेने गार होणारं मशीन खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच वर राहू शकतं. पूर्ण भारावर ते ६० अंश वर राहत असेल, तर एसी ऑफिसच्या २४ अंशांत ते ८४ वर थांबतं. तेच मेच्या दुपारी पडवीत, जिथे ३५ आहे, ९५ ला पोचतं. मशीन तेच, धूळ तीच, पेस्ट तीच, फक्त अकरा अंशांनी त्याला थ्रॉटलिंगच्या दारात नेऊन उभं केलं. "मुंबईत चालतो, गावी रखडतो" याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

दमटपणाचा उकाडा मात्र आपल्याला होतो, लॅपटॉपला नाही. आपला घाम वाळत नाही म्हणून जीव कासावीस होतो. लॅपटॉपला घामच येत नाही. दमट हवा त्याचं दुसऱ्या वाटेने नुकसान करते, त्याबद्दल पुढे लिहितोच.

तर गादीवरून, सतरंजीवरून, झोपाळ्यावरून उचला. टेबलावर ठेवून मागच्या बाजूला दोन वह्या घाला, म्हणजे तळाच्या जाळीला श्वास मिळेल. पुन्हा पाच मिनिटांची चाचणी. सहा-सात अंशांचा फरक नुसत्या याने पडलेला मी पाहिलाय. काम अडलंच असेल तर टर्बो बंद करून उन्हाळा काढता येतो. इंटेल पी-स्टेटच्या फोल्डरात ‘नो टर्बो’ ही फाइल असते, तिच्यात १ लिहा. सर्वोच्च वेग जाईल, पण जो मिळेल तो टिकून मिळेल. एक्सेल, मेल, मीटिंगला एवढं पुरतं.

तिसरी तपासणी: चार्जर

गार मशीन आणि ४०० मेगाहर्ट्झ ही जोडी दिसली की मी काहीही उघडायच्या आधी चार्जर काढतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वरच्या वाडीतले एक काका नातवाचा लॅपटॉप पिशवीत घालून आले. "पेस्ट बदलून झाली, फॅन बदलून झाला, आता नवाच घ्यायला सांगतायत. बघ जरा, पोराची परीक्षा आहे." मी मशीन लावलं. ४६ अंश आणि ४०० मेगाहर्ट्झ. भार टाकला, ४८ अंश आणि ४००. पंखा फिरायचं कारणच नव्हतं. चार्जरची पिन उपसली आणि टर्बोस्टॅटकडे बघत राहिलो. दोन सेकंदांत आकडा २८०० वर गेला. पिन घातली, परत ४००. काका खुर्चीतून पुढे वाकून बघत होते, त्यांनी स्वतःच्या हाताने दोनदा काढून घालून बघितलं. मग चार्जर पालथा केला. मूळ ६५ वॅटचा होता. आंबे उतरवायच्या गडबडीत तो कुठेतरी राहिला, आणि पिन बसते म्हणून बाजारातून ४५ वॅटचा घेतला होता.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये पिनच्या मधल्या बारीक काडीतून किंवा टाइप-सीच्या तारेतून चार्जर आपली ताकद सांगतो. ओळख पटली नाही किंवा वॅट कमी पडले, तर कंट्रोलर चिप सावध होते आणि तीच प्रोकहॉटची तार ओढते. खाऱ्या हवेत ती बारीक काडी काळी पडते, कधी तिच्यावर हिरवट थर येतो, तेव्हा मूळ चार्जरसुद्धा अनोळखी ठरतो. कोरड्या मऊ फडक्याने पिन पुसा, दुसरा त्याच वॅटचा चार्जर लावून बघा. अजून एक खूण अशी की चार्जर लावल्यावर बायोसच्या पडद्यावर ‘चार्जर ओळखता आला नाही’ अशा अर्थाची सूचना येते. आपण ती एंटर मारून पुढे ढकलतो.

नेटवर प्रोकहॉटकडे कानाडोळा करायला लावणाऱ्या युक्त्या सापडतील, प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमधला एक बिट उलटायचा. मी त्या वापरत नाही. त्याच तारेवरून व्होल्टेज देणारा भाग तापल्याची खरी वर्दीही येते. दारावरची घंटा सारखी वाजते म्हणून तार कापली, तर खरा पाहुणा आल्यावर कळणार कसं?

चौथी तपासणी: पूर्ण निचरा

झाकण उघडल्यावर रखडणाऱ्या मशीनवर हा इलाज फार वेळा लागू पडतो. मशीन पूर्ण बंद करा, नुसतं सस्पेंड नको. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा. पॉवरचं बटण अर्धा ते एक मिनिट दाबून धरा, मग सगळं जोडून सुरू करा. कंट्रोलर चिप बॅटरीवर सतत जागी असते. रीस्टार्ट केलं तरी तिच्या डोक्यातली जुनी समजूत पुसली जाईलच असं नाही, ती वीज तुटल्यावर जाते. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट जाते-येते, अशा झटक्यांनंतर ही चिप अडकल्याच्या केसेस मला जास्त येतात.

पाचवी तपासणी: जुना कर्नल लावून बघा

आता खरी कर्नलची पाळी. लिनक्सची बहुतेक वितरणं (डिस्ट्रो) मागचा एखादा कर्नल ठेवून देतात. सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे कर्नल निवडायच्या, यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा, मागची आवृत्ती निवडा, तीच पाच मिनिटांची चाचणी करा आणि वहीत शेजारच्या रकान्यात लिहा. जुन्यावर २८०० आणि नव्यावर ८००, बाकी काही बदललेलं नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा. दोन्हीवर सारखंच तर कर्नलला सोडा आणि सफाईकडे वळा. इतकी सोपी आणि फुकट चाचणी लोक शेवटी करतात, कारण आवृत्ती निवडताना काहीतरी बिघडेल अशी भीती वाटते. काही बिघडत नाही, रीस्टार्ट केलं की परत नेहमीचाच येतो.

दोष नव्या कर्नलमध्ये दिसला, तर नेमका कुठे ते शोधायची माझी पद्धत अशी. सिस, क्लास, थर्मल या फोल्डरात सगळे थर्मल झोन आणि कूलिंग डिव्हाइस ओळीने मांडलेले असतात. प्रत्येक झोनचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेलं असतं, ५२००० म्हणजे ५२ अंश. प्रत्येक झोन वाचा. एखाद्यात १२७००० किंवा उणे आकडा असेल, किंवा भार टाकूनही आकडा जराही हलत नसेल, तर तो तापमापक खोटा. मग त्याच झोनचे ट्रिप पॉइंट वाचा. ‘पॅसिव्ह’ म्हणजे वेग उतरवा, ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे पंखा लावा, ‘क्रिटिकल’ म्हणजे मशीन बंद करा. पाचव्या लक्षणाचं मूळ कधीकधी असल्या खोट्या क्रिटिकलमध्ये सापडतं. त्या वेळी आधीच्या सत्राचा लॉग ‘जर्नलसीटीएल’ने काढला, की शेवटच्या ओळींत ‘क्रिटिकल टेंपरेचर रीच्ड’ असं वाचायला मिळतं.

आणि आता मला सर्वांत जास्त वेळा सापडलेली जागा. कूलिंग डिव्हाइसपैकी ज्यांचा प्रकार ‘प्रोसेसर’ आहे, त्यांची ‘कर स्टेट’ (सध्याची पायरी) ही फाइल वाचा. ० असेल तर ब्रेक सुटा आहे. एसीपीआयच्या, म्हणजे फर्मवेअर आणि कर्नल यांनी एकमेकांशी बोलायच्या, व्यवस्थेत १, २, ३ या वेग उतरवायच्या पायऱ्या, एकेका पायरीला सर्वोच्च वेगातले २० टक्के कमी. म्हणजे ३ वर असताना ६० टक्के वेग गेलेला असतो. झोन तापला की कर्नलचा ‘स्टेप वाइज’ हा तापमान सांभाळणारा गव्हर्नर एकेक पायरी चढतो, निवला की उतरतो. बिघाड होतो तो उतरताना. सस्पेंडमध्ये जाताना पायरी ३ होती, जागं झाल्यावर पहिलं वाचन चुकीचं आलं, किंवा फर्मवेअरने ‘तापमान बदललं’ ही वर्दीच दिली नाही, की गव्हर्नरला उतरायची आठवण करून देणारं कुणी राहत नाही. झोन ४४ अंशांवर, ट्रिप ९० वर, आणि पायरी तरीही ३.

एका शाळेच्या लॅबमधली नऊ मशीनं अशीच होती. दुपारच्या सुट्टीत शिक्षक झाकणं मिटायचे, दोन वाजल्यापासून सगळी मंद. सर म्हणाले, "दुपारी समोरचं ऊन येतं म्हणून असेल." मी एकेका मशीनवर पायरी वाचत गेलो, नऊपैकी सात ठिकाणी ३. पहिल्यावर रूट होऊन त्या फाइलमध्ये ० लिहिलं. ‘स्केलिंग मॅक्स फ्रिक्वेन्सी’चा आकडा जागच्या जागी पूर्ववत झाला, आणि पुढे तासभर भार टाकूनही तापमान ७५ च्या वर गेलं नाही. ऊन निर्दोष सुटलं.

असं ० लिहिणं धोक्याचं नाही. झोन खरोखर तापलेला असेल तर कर्नल पुन्हा पायरी चढवेल, आणि त्याच्यावर प्रोसेसरचा स्वतःचा १०० अंशांचा पहारा आहेच. पण हा उतारा आहे, औषध नव्हे. त्या लॅबमध्ये मी जागं झाल्यावर पायरी ० करणारी चार ओळींची स्क्रिप्ट सिस्टमडीच्या स्लीप फोल्डरात ठेवली, मशीनं जुन्या कर्नलवरच अडकवून ठेवली, आणि नव्या आवृत्तीत दुरुस्ती आल्यावर दोन्ही काढून टाकलं. काढायची आठवण राहावी म्हणून स्क्रिप्टमध्येच तारीख लिहून ठेवा.

चौथ्या लक्षणासाठी, म्हणजे आयडल इंजेक्टसाठी, ‘इंटेल पॉवरक्लॅम्प’ हे मॉड्यूल (कर्नलचा सुटा भाग) बघा. प्रोसेसरला गार करायला ते त्याच्यावर मुद्दाम रिकामा वेळ लादतं, म्हणून टॉपमध्ये त्या प्रक्रिया ५० टक्के खाताना दिसतात. खरं तर त्या काही खात नाहीत, मशीनला बळेच विश्रांती देतात. तापमान खरोखर जास्त असेल तर त्यांचं बरोबर आहे, त्यांना हात लावू नका. मशीन गार असताना दिसल्या तर मॉड्यूल काढून चाचणी करा. त्याचबरोबर ‘थर्मलडी’ ही सेवा चालू असेल तर तीही पाच मिनिटं थांबवून बघा, कारण पॉवरक्लॅम्पला हाक मारणारी बऱ्याचदा तीच असते. डेस्कटॉपच्या बॅटरीच्या मेनूतलं पॉवर प्रोफाइलही तपासा. ‘पॉवर सेव्हर’वर राहिलेलं मशीन मी पंचवीस किलोमीटर दुचाकी हाणून जाऊन दुरुस्त केलंय.

‘थर्मल डॉट ऑफ’ किंवा ‘थर्मल डॉट नोसीआरटी’ असले बूट पॅरामीटर (सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचना) कुणी सुचवले तर ते निदानापुरते, तुम्ही समोर बसलेले असताना, दहा मिनिटं. कायमचे कधीच नकोत.

सहावी तपासणी: फर्मवेअर

कर्नल जे ट्रिप पॉइंट वाचतो, ते बहुतेक वेळा फर्मवेअरच्या एसीपीआय तक्त्यांतून येतात. तक्ताच चुकीचा असेल तर कर्नल प्रामाणिकपणे चुकीचंच वागणार. ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर’ने अपडेट आहे का बघा. हे करताना बॅटरी निम्म्याच्या वर हवी आणि चार्जर लावलेला हवा. वादळी पावसाच्या रात्री हे काम काढू नका, मधेच वीज तुटली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

सातवी तपासणी: सफाई

इथून पुढे स्क्रू उघडायचे, म्हणून हे शेवटाकडे ठेवलंय. ताप खरा आहे हे वहीने सिद्ध केलं असेल तरच इथे या.

किनाऱ्यावरची धूळ घाटावरच्या धुळीसारखी नसते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं, तसंच हवेतून आलेल्या मिठाच्या कणांचं होतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे रोजचंच. त्या ओल्या मिठाला जांभ्याची तांबडी माती आणि कपड्यांचे तंतू चिकटतात, पंखा ते सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांवर नेऊन थापतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते वाळून घट्ट होतं. बाहेरून बघाल तर जाळी स्वच्छ. पंखा उचलला की मागे गोधडीच्या तुकड्यासारखा सलग थर, चिमट्याने धरला तर अख्खा निघतो. म्हणूनच बाहेरून ब्लोअर मारून उपयोग होत नाही. थर आतल्या बाजूला असतो, बाहेरचा झोत त्याला आणखी आत ढकलतो.

मशीन बंद करून, चार्जर काढून, झाकण उघडल्यावर आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. पंखा बोटाने धरून ठेवा, मगच ब्रश किंवा हवा मारा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. पात्यांमधली जागा उजेडाकडे धरून बघा, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. तांब्याच्या हीट पाइपवर हिरवा कळंक असेल तर वरवरचा चालतो, पण पाइपला भोक पडलं असेल तर आतला द्रव गेला आणि तो पाइप नुसती तांब्याची नळी झाला, बदलावाच लागतो.

पेस्ट मी प्रत्येक वेळी बदलत नाही. सफाईनंतर चाचणी ८५ च्या आत आली तर तिला हात लावायचं कारण नाही. मशीन चार-पाच वर्षांचं असेल आणि सफाई करूनही भार टाकताच तीन-चार सेकंदांत ९५ गाठत असेल, तर पेस्ट वाळलीय. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि इतर द्रव्यं असतात. हीटसिंकच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा. जुन्या पेस्टच्या जागी पाऱ्यासारखं चकचकीत काही दिसलं तर ते लिक्विड मेटल. तिथेच थांबा, एक थेंब बोर्डवर सांडला तर शॉर्ट होतो.

आठवी तपासणी: नेमका बदल शोधणं

ही सर्वांत अवघड, आणि प्रत्येकाने करायची नाही. जुना कर्नल चांगला आणि नवा वाईट हे पक्कं झालं असेल आणि वितरणाच्या अपडेटमध्ये दुरुस्ती येत नसेल, तरच. कर्नलच्या एका आवृत्तीत १२ ते १५ हजार बदल असतात. ‘गिट बायसेक्ट’ दर वेळी मधला बदल काढून देतो, तुम्ही त्यापर्यंतचा कर्नल बांधायचा (कंपाइल करायचा), चालवायचा, चांगला की वाईट सांगायचं. दर फेरीला निम्मे कटतात, म्हणून चौदाएक फेऱ्यांत एक बदल हातात येतो. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ने तुमच्या मशीनला लागतात तेवढीच मॉड्यूल घेतलीत तर बांधणीचा वेळ खूप वाचतो. बांधणी दुसऱ्या मशीनवर करा. ज्याला तापाचा आजार आहे त्यालाच दिवसभर कंपाइल करायला लावू नका.

सापडलेला बदल कर्नलच्या थर्मल विभागाच्या देखभाल करणाऱ्यांना कळवा. पूर्वी चालत असलेलं काम नव्या कर्नलने मोडायचं नाही, हा तिथला जुना आणि कडक नियम आहे, त्यामुळे नीट पुरावा दिला तर दखल घेतली जाते. पुरावा म्हणजे दोन्ही कर्नलच्या आवृत्त्या, दोन्ही डीमेसेज, सगळ्या झोनचं तापमान आणि ट्रिप पॉइंट, कूलिंग डिव्हाइसच्या पायऱ्या, आणि बिघाड हमखास घडवायची कृती. ‘स्लो होतो’ एवढं लिहिलंत तर उत्तराची आशा नको.

कुठे थांबायचं

टचपॅड वर उचलला गेलाय किंवा तळ फुगलाय, तर बॅटरी फुगलीय. एकही चाचणी करू नका, चार्जर काढा, मशीन बंद करून कारागिराकडे द्या. फुगलेली बॅटरी दाबून बसवायचा प्रयत्न कधीही नको.

मशीनमध्ये समुद्राचं किंवा पुराचं पाणी गेलं असेल तर वाळवून चालू करून बघू नका. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर भिजलेली बरीच मशीनं मी पाहिली. जी लगेच चालू करून बघितली होती, त्यांतली फारशी वाचली नाहीत. वीज लागताच ओल्या बोर्डवर गंज झपाट्याने धरतो.

जळका वास येत असेल, बोर्डवर हिरवे-पांढरे डाग आयसीच्या पायांपर्यंत पोचले असतील, किंवा सगळे चार्जर बदलूनही प्रोकहॉट सुटत नसेल, तर ते चिप-लेव्हलचं काम आहे. त्याला मायक्रोस्कोप आणि हॉट एअर लागतं, घरचं सोल्डरिंग नको. मशीन वॉरंटीत असेल किंवा कंपनीच्या मालकीचं असेल तर एकही स्क्रू उघडू नका, आधी त्यांना विचारा. आणि सफाई, पेस्ट, नवा पंखा एवढं होऊनही भाराविना मशीन ९० वर जात असेल, तर हीट पाइप किंवा बोर्ड. तो खर्च करायचा की नाही हे मशीनच्या वयावर ठरवा, सहा वर्षांच्या पुढच्याला मी सहसा नको म्हणतो.

कारागिराकडे जाताना ती वही सोबत न्या. कोणत्या चार्जरवर किती मेगाहर्ट्झ, कोणत्या कर्नलवर किती अंश, झाकण मिटायच्या आधी पायरी किती आणि नंतर किती. माझ्याकडे असं लिहून आणणाऱ्याचं मशीन बहुतेक वेळा त्याच संध्याकाळच्या एसटीने परत जातं.